हौसाचं उघडं कार्ड

ये, अशी इकडं जवळ बस, उंबऱ्यात काय पाव्हणीवानी टेकलीस. तुरुंगातला वर्ग तुज्या हाती येऊन तीन म्हैने झालं आन् ठकुमावशीच्या घराची वाट तुला आज घावली व्हय? पुण्याहून पिंपळे गुरव काय लई लांब न्हाई. बरं, वही काढलीच हायस तर म्या बोलते तसंच लिही, सुधरत बसू नको.

माजा जल्म चाकणच्या अंगाला, मिरचीच्या रानात. शाळा म्हंजी काय ते लांबूनच बघितलं. लगीन होऊन इथं आले, पोरं झाली, ती मोठी झाली, आन् पस्तिशी उलटल्यावर तुज्या आधीच्या बाई गावात सांजचा वर्ग घ्यायला लागल्या तवा चुलीच्या राखेत बोट फिरवून अक्षरं काढली. मालक म्हणायचं, भाकरी करपली तर करपू दे, अक्षर नीट काढ. हसत्येस काय, खरं सांगते.

तर बाईंनी तुरुंगात बायकांच्या बराकीत वर्ग धरला. मला म्हणाल्या, ठकुबाई, आत वाचायला मी शिकवीन, पण सुटल्यावर ह्या जाणार कुठं, ते बघायला गावं माहीत असलेलं माणूस पायजे. तवापासून आमची कामं अशी वाटलेली. कोण कवा सुटणार, तिचं घर कुठं, घरात कोण राजी, कोण नाराज, ते म्या पायी हिंडून बघायची. आठवड्याला दोनदा बाईंच्या संगं वर्गातबी बसायची.

आन् वर्ग म्हंजी नुसतं ग म भ न नव्हं. बाई गोष्ट सांगायच्या, जुन्या राज्यांचं सांगायच्या, आन् इचारायच्या, तुमाला काय वाटतं. एकदा सांगितलं, भुकेपायी चोरी केली त्याचा राजानं हात तोडला, राजा चुकला का? बायका नुसत्या तुटून पडल्या. दारातली जमादारीण, तिचं काम गप उभं ऱ्हायचं, तीबी म्हणाली, चोरी ती चोरी. तवा कोपऱ्यातनं हौसा म्हणाली, त्याच्या घरी अजून कोण उपाशी हाय ते राजानं इचारलं का? मग जमादारीणच म्हणते, बाई, हिला वकील करा, आन् मला हिच्याकडं नोकरीला लावा.

हौसा पुनावळ्याची. सासर तिकडं नगरकडं. भांडणात जावेला मुसळ मारलं. जाऊ वाचली, पण हिला तीन वर्सांची सजा झाली आन् नवऱ्यानं दुसरी केली. आता ऱ्हायलं ते म्हायेर, आन् म्हायेरात एकटी आई, राहीबाई. हौसाला एकच घोर, आई घरात घील का.

सुटायला म्हैना ऱ्हायला तवा तिनं आईला पत्र लिहायचं ठरवलं. जल्मातलं पहिलं, सोताच्या हातचं. बाईंनी पाकीट आणून दिलं होतं. पण काय सांगू तुला, तिचं अक्षर असं मोत्यावानी, माजी छाती फुगली. म्या म्हटलं, पाकिटात कशाला कोंडतीस, कार्डावर लिही, बघू दे गावाला राहीची लेक कशी लिहिती. बाई त्या दिशी नव्हत्या. म्याच कार्ड टाकलं.

पुनावळ्यात वाचणारं कोण? टपालवाला यायचा, देवळाच्या पारावर बसायचा आन् ज्याचं कार्ड त्याला मोठ्यानं वाचून दाखवायचा. समदा गाव बसलेला. त्यानं वाचलं, तुरुंगातून तुजी हौसा हिचा नमस्कार. आन् राहीबाईनं तीन वर्सं गावाला सांगितलेलं, लेक मुंबईला हाय, सुखात हाय.

मला कळलं तशी सकाळीच निघाले, थेरगावावरून चालत. राहीबाई दळत होती, जातं थांबवलं न्हाई. म्हणाली, बाजारातनं मीच बांगड्या आणायची आन् लेकीनं धाडल्या म्हणून दाखवायची, तुमी तिला शिकवलं आन् माजं समदं घालवलं. म्या म्हटलं, चूक माजी हाय, पोरीची न्हाई. ती म्हणाली, माज्या दारात नको.

मग सुटल्या दिशी हौसाला म्या हिकडं माज्या घरी आणली. आमच्या रानात खुरपायची, पुढं पिंपरीला औषधाच्या कारखान्याचं बांधकाम निघालं तिथं घमेली उचलायला जायची. दर पंधरवड्याला आईला पत्र, आता पाकिटात. जबाब न्हाई. म्या म्हणायची, पोरी, लिहायचं थांब थोडी. ती म्हणायची, मावशी, पत्र माघारी तर येत न्हाई नव्हं?

भात काढून झाला तवा एका दुपारी राहीबाई दारात. कमरंला गाठोडं, त्यात समदी पाकिटं, एकबी फोडलेलं न्हाई. वाचून कुणाकडनं घ्यायचं, पारावर का? मला म्हणाली, तुला येतं, तू वाच. म्या म्हटलं, मला बारीक अक्षर दिसंना झालंय. खोटंच. हौसा मागं गोठ्यात होती, हाक मारली. दोघी बघंनात एकमेकींकडं. हौसानं पहिलं पाकीट फोडलं आन् वाचायला लागली. राहीबाई म्हणाली, हळू, शेजारी ऐकत्यात. दोन झाली, तीन झाली, मग म्हणाली, जरा मोठ्यानं वाच की गं, मला कमी ऐकू येतंय.

दिवस कलायच्या आत दोघी पुनावळ्याला गेल्या. लोक बोललं, अजून बोलत्यात, न्हाई म्हणत न्हाई. पण बायका आता आपली पत्रं पारावर नेत न्हाईत, हौसाकडं नेत्यात, दार लोटून.

तवापासून माजा नेम हाय, कुणाचंबी पहिलं पत्र टपालात जायचं न्हाई. म्या सोता घेऊन जाते, घरात बसून वाचते. पण गुडघं आता ऐकत न्हाईत, पोरी, आन् पुढच्या म्हैन्यात दोघी सुटायच्यात. एकीचं घर आकुर्डीला हाय. तू ये, लवकर ये, आपण दोघी जाऊ, वाट म्या दाखवते आन् पत्र तू वाच. देव तुजं भलं करो. येताना तुज्या आईलाबी आण, लेक कुठं येती-जाती ते तिलाबी कळू दे.