दिवाणाखालची चवळी

...अन् वर मलाच म्हणतात, मनकर्णाबाई, तुम्हाला नसत्या चौकशा लई! अहो, चौकशा कसल्या? माझ्याच घरात, माझ्याच दिवाणाखाली, मिक्सरच्या खोक्यात एक जितं रोप कोंडून ठेवलेलं, अन् मी काय करायचं? वर बसून शेंगा सोलायच्या? वैऱ्याच्या घरी असतं तरी मी डोकावले असते, हे तर माझंच घर! नाय राहवलं. नाय राहवलं, काय करता!

थांबा, पहिल्यापासून सांगते, नायतर तुम्ही बी त्या मंजुषासारखं तोंड फिरवाल.

मंजुषा म्हणजे आमची शेजारीण, दाराला दार लागून. ती बँकेत, तिचा नवरा शेंद्र्याला कंपनीत, दोघं सकाळी जातात ते दिवेलागणीलाच उगवतात. अन् त्यांची एकुलती एक श्रेया, सहावीतली, दुपारी एकला शाळेतनं सुटते ती थेट माझ्याकडं. चार वर्षं झाली. आल्या आल्या हातपाय धुते, जेवते, अन् मंग मला शिकवते. व्हय, मला! मी सातवी पास. पुढची शाळा चार कोसांवर होती, अन् आमच्या वडलांना वाटलं पोरीला एवढं बास. तर ही पोर सकाळी जे शिकून येते ते दुपारी माझ्या डोक्यात भरते. कॅलेंडर उलटं टांगायचं, त्याच्यावर खडूनं काढायचं, हातात माझंच लाटणं... "काकू, इकडे लक्ष द्या. खोडाचं काम काय?" मी म्हणते, माय, भांडी पडलीत. "भांडी नंतर. खोडाचं काम सांगा."

अन् दुसरं कोण बोलतं हो माझ्याशी दिवसभर? आमचे हे रिटायर झाल्यापासून पेपरात डोकं घालून बसतात, दिवसाला तीनच वाक्यं. "चहा झाला का?", "नळ आला का?" अन् "तुला काय करायचंय?" त्यातला नळ आठव्या दिवशी येतो. म्हणजे राहिलं काय ते तुम्हीच बघा!

तर त्या पोरीनं मला झाड शिकवलं. आता मी काय झाड पाहिलं नव्हतं? जन्म शेतात गेला! पण आत काय चाललंय ते कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणे, मूळ जमिनीतनं पाणी ओढतं, खोड ते पाणी वर पोचवतं, अन् पान सूर्याच्या उजेडात अन्न तयार करतं. पानाला बारीक बारीक छिद्रं असतात, डोळ्यानं दिसत नायत, त्यातनं हवा आत. अन् हिरवा रंग असतो ना पानाचा, तो नुसता शोभेला नाय, त्याच्याच जिवावर सगळा स्वयंपाक! अन् झालेलं अन्न पुन्हा खोडातनं सगळ्यांना, मुळाला बी. मी म्हणलं, म्हणजे एक जण नळावर उभं, एक जण हंडे वाहणार अन् एक जण चुलीपुढं? आमच्या घरी तिन्ही मीच! श्रेया अशी हसली... म्हणाली, "काकू, तुम्ही अख्खं झाड आहात." चार दिवस मी त्याच एका वाक्यावर होते, खरं सांगते.

मंग आला तो प्रयोग. श्रीखंडाचे दोन रिकामे डबे, खाली भोकं पाडून माती भरली, दोन्हीत चवळी. त्यांच्या गॅलरीत ऊन येत नाय, आमच्या गॅलरीत येतं, म्हणून ही सगळी शाळा माझ्याकडं. पाचव्या दिवशी मान वर काढली दोघांनी, काय देखणी! सारखी, जुळी जशी. मी मनातल्या मनात दृष्ट काढली. अन् ह्या पोरीनं काय करावं? स्केचपेननं एका डब्यावर लिहिलं 'उजेड', दुसऱ्यावर 'अंधार'. उजेड गॅलरीत उन्हाला, अन् अंधार खोक्यात घालून दिवाणाखाली. मी म्हणलं, त्यानं काय घोडं मारलं? "काही नाही काकू, दोघांना पाणी सारखं द्यायचं, फक्त उजेडाचा फरक. पंधरा दिवस. मी रोज निरीक्षण लिहिणार. तुम्ही हात लावायचा नाही. शपथ?" मी म्हणलं, शपथ.

पाच दिवस पाळली बरं मी! पाच दिवस म्हणजे माझ्यासारखीला लई झाले, आमचे हे सुद्धा कबूल करतील. पण रोज दुपारी ती खोकं काढायची, पट्टी लावून मोजायची, अन् मला दिसायचं ना! गॅलरीतलं बुटकं, हिरवंगार, खाऊनपिऊन सुखी. अन् हे... पिवळट, बारीक, उंचच उंच. खोक्याला वर एक चीर होती, बोटभर बी नाय, तिकडं मान लांब करून... कुणी दार उघडतंय का बघत उभं असल्यासारखं. मी म्हणलं, श्रेया, हे खातंय काय मंग? चूल तर बंद. ती म्हणाली, "बियाच्या दोन डाळी असतात ना काकू, त्यात अन्न साठवलेलं असतं. आता तेच पुरवून पुरवून चाललंय." म्हणजे आईनं बांधून दिलेली शिदोरी! मी म्हणलं, अन् शिदोरी संपली की? ती पट्टीवरनं डोळा न उचलता म्हणते, "मग मरेल. तेच तर दाखवायचंय."

मग मरेल! दहा-अकरा वर्षांचं लेकरू, हातात माझ्या हातचा रव्याचा लाडू, अन् म्हणते मग मरेल!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली शाळेत. मी झाडू मारत होते. झाडू दिवाणाखाली गेला, खोक्याला लागला. आता लागला म्हणजे मीच लावला, तुमच्यापासून काय लपवायचं! खोकं ओढलं, डबा काढला, गॅलरीत त्या जुळ्याशेजारी ठेवला. म्हणलं, घे माय, जरा ऊन खा. साडेबाराला परत कोंडलं. ह्यांनी पेपरावरनं बघितलं, तिसरं वाक्य म्हणाले. मी म्हणलं, माझं मला करायचंय! नाय राहवलं, काय करता!

अन् एकदा केलं ते रोजच केलं. नऊ ते साडेबारा. तुम्हाला सांगते, चार दिवसांत रंग आला त्याला! पोरीनं दुपारी खोकं उघडलं अन् किंचाळलीच. "काकू! हिरवं! अंधारात हिरवं झालंय!" मला काय नाचायला लागली धरून... मी बी नाचले. वेडी कुठली! मला वाटलं, बरं झालं, रोप बी जगलं, पोर बी खूश, कुणाचं काय गेलं? अक्कल बघा माझी.

पोरीला वाटलं, आपण काहीतरी नवीन शोधलं. वहीत लिहिलं, रोपाला अंधाराची सवय झाली असावी. शाळेतल्या मॅडमनं म्हणावं ना, की बाई, असं होत नसतं? मॅडम म्हणाल्या, "अगं, फार वेगळं निरीक्षण आहे हे, प्रदर्शनात ठेव." आंतरशालेय विज्ञान प्रदर्शन! पोर आठ दिवस पंख फुटल्यासारखी. तक्ता केला, 'अंधारात जगायला शिकलेले रोप'. मोठेपणी झाडांचीच डॉक्टर होणार म्हणाली.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हा सांगायचं होतं. सांगणार होते! रोज सांगणार होते. तोंड उघडायचे, अन् ती म्हणायची, "काकू, तुम्हीच माझ्या साक्षीदार हं." मंग मी तोंडात शेंगदाणा टाकायचे. एक दिवस ठरवलं, आज नाय काढायचं बाहेर, होऊ दे पिवळं, आपोआप मिटेल. दहा वाजेपर्यंत थांबले. सव्वादहाला ते उन्हात होतं. नाय राहवलं, काय करता!

प्रदर्शनाचा दिवस आला अन् मंजुषाला सुट्टी मिळाली नाय. म्हणाली, "काकू, तुम्ही जाल का तिच्याबरोबर? तुमच्याशिवाय आहे कोण तिला?" अहो, हे वाक्य ऐकायला मी चार वर्षं दार उघडं ठेवलं होतं! ठेवणीतली साडी नेसले. रिक्षात दोन डबे मांडीवर, उजेड उजव्या मांडीवर, अंधार डाव्या.

हॉलमध्ये कुणाचा ज्वालामुखी, कुणाची पवनचक्की, अन् मधे आमची चवळी. परीक्षक आले. दत्तोपंत सर म्हणून कॉलेजातनं निवृत्त झालेले, पांढरी दाढी, लई मऊ बोलणं. ओरडले असते तर बरं झालं असतं. पोरीनं घडाघडा सांगितलं, मूळ, खोड, पान, हरितद्रव्य, एक शब्द चुकला नाय. त्यांनी वही चाळली. "बाळ, पाचव्या दिवशी पिवळं अन् दहाव्या दिवशी हिरवं? असं होत नाही गं. खोकं कुणी उघडत होतं का?"

"मोजायला मीच, सर. बाकी कुणी नाही."

"कुठे होतं खोकं?"

"काकूंच्या घरी. पण काकू हातसुद्धा लावत नाहीत. हो ना काकू?"

अन् वळली माझ्याकडं. सर बी वळले. ज्वालामुखीवालं पोरगं बी वळलं.

आता मी कशी बाई हाय ते अख्ख्या उस्मानपुऱ्याला ठाऊक हाय. कुणाची सोयरीक, कुणाचं भांडण, कुणाचा गॅस संपला, न विचारता मी बोलले नाय असा एक दिवस दाखवा! जिथं कुणी विचारलं नाय तिथं बोलले, जिथं नको नको म्हणाले तिथं बी बोलले. अन् त्या दिवशी, जन्मात पहिल्यांदा, भर सभेत कुणीतरी मला विचारत होतं, की बाई, तू सांग... अन् मी मान हलवली. हो म्हणून. हात लावत नाय म्हणून.

सरांनी वही मिटली. मऊच बोलले. "मग बाळ, निरीक्षणं तू मनानं लिहिलीस. शास्त्रात एवढं एक करायचं नसतं. चूक चालते, खोटं चालत नाही." पोर म्हणाली, "मी खोटं नाही लिहीत सर." एवढंच. रडली बी नाय. सर पुढं पवनचक्कीकडं गेले, अन् ती तक्ता गुंडाळायला लागली. तक्ता सारखा उलगडत होता, अन् मी... मी नुसती पदराशी चाळा करत उभी. चांगुलपणा करायला किती धीर होता माझ्यात! तो निस्तरायला तोळाभर नव्हता.

रिक्षात बसलो अन् मी सांगून टाकलं. सगळं. झाडू, दिवाण, ऊन, शपथ. रडत रडत. रिक्षावाला आरशात बघून म्हणतो, "क्या हुआ अम्मा, बच्ची फेल हो गई क्या?" मी म्हणलं, नाय रे बाबा, म्हातारी झाली. त्यानं "अल्ला खैर करे" म्हणलं अन् गाडी हळू घेतली.

अन् श्रेया काय म्हणाली माहितीय? मला वाटलं चिडेल, ओरडेल, पडेल ते झेलायला मी ओंजळ धरून बसले होते. तिनं दप्तरातनं वही काढली, पेन काढलं, अन् विचारलं, "रोज किती तास?"

मी म्हणलं, काय गं?

"उन्हात. रोज किती तास ठेवत होतात? कोणत्या दिवसापासून?"

मी सांगितलं, सहाव्या दिवसापासनं, नऊ ते साडेबारा. तिनं ते लिहून घेतलं. टोपण लावलं. अन् मंग घर येईस्तोवर रस्त्याकडं बघत बसली. तुम्हाला सांगते, चार थोबाडीत मारल्या असत्या तर हलकं वाटलं असतं.

मी स्वतः जाऊन मंजुषाला सांगितलं, शाळेत येऊन मॅडमला सांगते म्हणलं, त्या सरांचे पाय धरते म्हणलं. मंजुषा म्हणाली, "राहू द्या काकू. तुम्ही आता काहीच करू नका." काहीच करू नका! माझ्यासारखीला ह्याच्यापेक्षा मोठी शिक्षा कोणती असते सांगा.

आता पोर दुपारी तिकडं, दुसऱ्या गल्लीत, यमुनाबाईंकडं जाते. त्यांची जिन्यावरनं कुणी आलं-गेलं तरी मान वर होत नाय, अशी बाई! बरोबरच हाय म्हणा. प्रयोग पुन्हा पहिल्यापासनं लावलाय तिथं. नवी चवळी, नवं खोकं. माझ्याकडं एकच्या सुमाराला कुकर होतो, अन् मंग काय नाय. ह्यांना एकदा विचारलं, अहो, खोडाचं काम काय असतं माहितीय का? ह्यांनी तिसरं वाक्य म्हणलं.

काल यमुनाबाईंकडं विरजण मागायला गेले. विरजण माझ्याकडं होतं, तुम्हाला कशाला खोटं सांगू. पोर आत हात धूत होती, अन् खिडकीत वही उघडी. आता उघडी वही! नाय राहवलं, काय करता! सगळं नीट लिहिलंय, तारखा, आकडे, एका बाजूला माझे नऊ ते साडेबारा बी. अन् खाली रेघ मारून मथळा, 'प्रयोगात आलेल्या अडचणी'. त्याखाली एक नंबरला, 'शेजारच्या काकू'. दोन नंबर नव्हताच. शेजारी 'उपाय' म्हणून रकाना, त्यात, 'जागा बदलली'.

मी दोनदा वाचलं. वही होती तशी ठेवली अन् विरजण न घेताच आले. ...काय का असेना, अक्षर मात्र लई सुंदर काढलंय पोरीनं.