सतराव्या केसची सही

थांब ऋचा, रेकॉर्डिंग सुरू नको करूस इतक्यात — आणि सहीचं नंतर बघू. संमतीपत्र वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे मीच तीस वर्षं शिकवलं ना तुमच्या डिपार्टमेंटला! हा फॉर्मही माझाच, बरं का. ‘सहभागी व्यक्ती केव्हाही माघार घेऊ शकते’ — वाक्य माझं आहे ते. मराठीत बोलले तर चालेल ना? बाबा एअरफोर्समध्ये म्हणालीस, म्हणजे बदलीवर इकडे उत्तरेत आलात तरी घरी मराठीच बोलत असाल. माझी मुलगी, कादंबरी, मात्र हिंदीतच उत्तरं द्यायची.

हां, तर माझी कारकीर्द. झाली की, छान झाली! घरचं लक्ष असलं की मुलं गुन्ह्याकडे वळत नाहीत — एवढंच सिद्ध करत आयुष्य काढलं. इथल्या मनीमाजरा वस्तीच्या गल्ल्यागल्ल्यांतून फिरले, सुधारगृहातल्या मुलांशी बोलले, त्यांच्या आयांच्या सह्या घेतल्या, लिहिता येत नसेल तर अंगठे — सही नाही तर केस नाही! आणि केस सतरा... वाचलीस ना? सगळेच शिकवतात. सोळा वर्षांची मुलगी, मित्राबरोबर तलावावर जाते, आई तिचा फोन तपासते, डायरी वाचते, चार महिन्यांत मैत्री बंद. ‘कौटुंबिक नियंत्रण यशस्वी.’

ती कादंबरी होती गं. नाव बदललं होतं मी — पण तिच्या डायरीतली ओळ तशीच उतरवली, ‘मम्मी घरात आली की मी हसणं बंद करते.’ मला तो पुरावा वाटला. पुरावा! पुढे ती लॉ करत असताना तिच्याच वर्गात वाचायला दिला केस सतराचा लेख. घरी आली, टेबलावर ठेवला, ओरडली नाही, काही नाही — “मम्मी, सबके साइन लिए थे ना? मेरा फॉर्म कहाँ है?” आणि मी काय म्हणावं? म्हटलं, अगं, तू तर घरचीच, तुझी कसली सही!

त्याला सहा वर्षं झाली. खरड गावात राहते, इथून अर्ध्या तासावर. दोनदा गेले, दार उघडलं नाही. मला ती हवी आहे गं, बाकी काही नको — ते पुरस्कार, ती पुस्तकं, काही नको.

नाही, हे लिहू नकोस. मी माघार घेते, कलम चौथं. रडत नाहीये मी... चहा राहू दे, तू नीघ आता. आणि जाताना एक कोरा फॉर्म ठेवून जा — हिंदीतला.