मिठानं न मेलेली जळू

हसू नका गं, माझं काळीज अजून जाग्यावर न्हाई! सकाळी सैपाकघरात गेले, तर माझ्या काचेच्या वाडग्यात पाणी, अन् पाण्यात बोटाएवढी काळपट, बुळबुळीत जळू. माझ्यादेखत वळवळली! माझं माहेर डिंगोऱ्याचं, भातखाचरात वाढलेली मी. जळवेवर मीठ टाकलं की ती मरते, हे मला कुणी शिकवायला नको. टाकलं मूठभर. तर बाई, मरायची सोडून ती पार आकड्यासारखी वाकली! मी किंचाळत ओट्यावर चढले.

पुण्याला शिकणारी आमची लेक सुट्टीला घरी आलेली, ती धावत आली. "आई, जळू नाही ती! माझ्या प्रयोगातली जेलची, म्हणजे लिबलिबीत पदार्थाची पट्टी आहे. त्या बॅटरीच्या वायरी दिसल्या नाहीत का? वीज दिली की ती वाकते. पण दोन महिने झाले, नुसती जराशी हलते. तू काय केलंस?"

"मीठ टाकलं, मूठभर!"

ती मटकन खालीच बसली. "मूठभर? मिठानं पाण्यातून वीज नीट वाहते, अन् मी चिमूट चिमूट टाकत होते गं!" लगेच वही काढून विचारते, "तुझी मूठ म्हणजे किती ग्रॅम?"

मी ओट्यावरूनच वरडले, "आधी ती मेली का, ते सांग!"