काकूंनी गाळलेला प्रयोग

हसू नका, पण बीएस्सीले मले एका फडक्यानं पास केलं. पिपरीत खोली करून राहत होतो. कॉलेजच्या प्रयोगासाठी बरणीत टाचणीच्या डोक्याएवढ्या पाणपिसवा पाळल्या होत्या. प्लास्टिकचा पाइप कानशीनं घासून त्याचा भुगा त्याइले चारला, त तीन दिवसांत साऱ्या बुडाशी लोळल्या. सरांले दाखवाच्या दिवशी पाहतो, त बरणी धुतलेली!

“काकू, यातलं पाणी?”

घरमालकीण काकू जैन, पाणी फडक्यानं गाळल्याबिगर वापरत नव्हत्या. म्हणाल्या, “गाळलं. भुगा गेला गळून. फडक्यातले जीव सोडले विहिरीच्या पाण्यात, या बादलीत. तू त्याइले प्लास्टिक काऊन चारून राह्यला होता?”

बादलीत पिसवा टुणटुण उड्या मारून राह्यल्या होत्या. बादलीच उचलून कॉलेजात नेली.

सर म्हणाले, “साध्या पाण्यात परत उठल्या? अरे, हेच लिही!”

पिसवांचा जीव बादलीत पडला, अन् माहा भांड्यात.