अडीच फुटाचं पत्र्याचं दार

...आन् वरनं लोक म्हणतात, पातळ पत्रा म्हंजे हलकं काम! हलकं? तुमाला सांगते, जाड लोखंड माणसाचं ऐकतं, पातळ पत्रा न्हाई ऐकत. वेल्डिंगचा रॉड टेकवला की चिकटतो, सोडवायला जावं तर ठिणगी, ठिणगी विझंस्तोवर भोक! आन् त्या भोकातनं पलीकडची शेळी माझ्याकडं बघतीया... आता बोला!

मला काय हौस न्हाई हो. सातवी शिकलेली बाई मी, शिवणाच्या मशीनीपल्याड मशीन ठाऊक न्हाई. पण हितं भरे गावात आमी घरावर मजला चढवला. खाली भाडेकरू, वर आमी, आन् मधी सोळा पायऱ्यांचा उघडा जिना. ऋतिका, माझी लेक, अकरा महिन्यांची झाली, रांगाय लागली. आन् रांगती कुटं? येवढी घरभर फरशी सोडून नीट जिन्याकडं! भाकरी थापताना माझा एक डोळा तव्यावर, एक पायऱ्यांवर. दुपारी जरा पाठ टेकली की धप्पकन आवाज येतो... उठून बघते तर पोरगी शेजारी झोपलेली.

जिन्याच्या वरच्या तोंडाला दार बसवायचं म्हणून गेटवाल्याला पाच येळा फोन केला. "वहिनी, धरणाकडच्या बंगल्यांची बारा-बारा फुटी गेटं चाललीत, तुमच्या अडीच फुटासाठी मशीन कोण हलवंल?" आमचे हे म्हणले, "अगं, मशीन हाय की घरात! रविवारी करतो." खोल्या बांधताना आणलेलं त्ये मशीन, आजून खोक्यात. असे किती रविवार गेले, पोरगी काय रविवारची वाट बघत बसणार हाय का?

मग मीच घेतलं. खालच्या खोलीतला जनार्दन पिरंगुटला कंपनीत वेल्डर. त्यो शिकवणार कसा, तर ड्यूटीला जाता जाता, गाडीला किक मारत. "वहिनी, करंट कमी ठेवा, बारीक रॉड घ्या, पत्र्याचा पांढरा मुलामा घासून काढा, त्याचा धूर वाईट. आन् रेघ ओढू नका... टाका मारा आन् दम धरा!" गेला भुर्रकन.

टाका मारा आन् दम धरा! आवो, ज्या बाईला दूध तापंस्तोवर दम निघत न्हाई, तिनं लोखंड गार व्हायची वाट बघायची? ह्यांचा जाड शर्ट घातला, काच तोंडाला लावली, पोरीला आत्याबाईंजवळ, म्हंजे सासूबाईंजवळ, आत कोंडलं, आन् ओढली की सरळ रेघ, ब्लाउजची शिवण मारावी तशी! पत्रा पापडावानी वर आला. एक कोपरा खाली दाबला तर दुसरा वर!

जनार्दन संध्याकाळी आला, बघून हसला न्हाई, त्येच लई लागलं. म्हणला, "चौकटीच्या जाड अँगलवर ताव द्या, पत्र्याला नुसतं चाटून जाऊ द्या." ह्ये मला लगीच कळलं. आत्याबाई शेजारणीला बोलतात आन् चटका मला बसतो, तसंच की ह्ये! "आन् भोक पडलं तर मागनं तांब्याची पट्टी धरा, तांब्याला रॉड चिकटत न्हाई. पण टाका मारा आन् दम धरा!"

आता आमच्या घरात तांब्याची पट्टी कुटली? तांबं म्हणलं की देवघर. आणलं ताम्हण, लावलं मागं पक्कडीत धरून, आन् तुमाला सांगते, भोक बुजलं हो! दुसरं बुजलं! तिसऱ्याला आतनं आवाज, "अगं ए, माझं ताम्हण कुटंय? देवांस्नी काय डब्याच्या झाकणात आंघोळ घालू?" चिंच लावून लावून घासलं, तरी मधला काळा डाग जाईना. आत्याबाई रोज पूजेला बसल्या की डागाकडं बघतात, मग माझ्याकडं बघतात. देवाचं दर्शन शेवटाला!

नऊ दिवस. टाका मार, दम धर. हितं एक, तितं एक, परत हितं. दम धरताना बोटं मोजायची, मोजताना कान पोरीकडं. नवव्या दिवशी बिजागऱ्या बसल्या, दार उभं राहिलं. काळं, फोडं आल्यावानी, पण उभं! आत्याबाईंनी ढोपर मारून बघितलं. ऋतिकानं दोन्ही मुठींनी धरून गदागदा हलवलं. हललं न्हाई! आत्याबाई म्हणल्या, "माझ्या कैलासच्या हातनं सात जन्मात झालं नसतं." मला रडूच आलं.

झालं की मग मन शांत? कसलं! टाके मी मारलेत, कुठला कसा बसलाय मलाच ठाऊक. खालनं तिसरा टाका मारला तवा कुकरची शिट्टी झाली व्हती... त्यो धरंल का? म्हणून मी आपली दाराच्या भाईर, जिन्यात वरनं दुसऱ्या पायरीवर बसते. तांदूळ हितं निवडते, कपड्याच्या घड्या हितं. पोरगी दार हलवती, मी दोन्ही हात वर करून तयार.

परवा हे कामावरनं आले, पायऱ्या चढता चढता थांबले. "अगं, तूच हितं बसायची व्हतीस, तर पत्रा कशाला जाळलास? तुलाच बिजागऱ्या लावल्या असत्या की!"

मी म्हणलं, लावा... पण आदी त्ये दार जरा हळू ढकला.