बालाजीला बोललेले केस

कोल्हापुरात त्वचारोगाच्या दवाखान्यात नायटा दाखवायला आलेल्या दिनकर गुरुजींच्या शेजारी गारगोटीच्या सुलाबाई आणि त्यांचा लेक विश्वजित बसले होते. वर्षापूर्वी डॉक्टरांनी विश्वजितचे डोक्यामागचे केस काढून पुढच्या टकलावर लावले होते. आता ते बोटभर वाढले होते.

"डॉक्टरास्नी विचार, वस्तरा कधी चालंल."

"वस्तरा कशाला, आई?"

"केस उगवलं तर बालाजीला देतो म्हणून बोललो हुतो मी."

"कुठलं केस?"

"हेच की. दुसरं हाईत कुठं तुला?"

"अगं, रविवारी पोरगी बघायला जायाचंय."

"मुळं हाईत न्हवं? परत येतील."

"रविवारपतोर? मागली पोरगी टक्कल बघून आत उठून गेली. तू हुतीस की तिथं."

"हुतो. म्हणूनच बोललो."

"मग तुझं दे. तुझा नवस, तुझं केस."

सुलाबाईंनी डोक्यावरचा पदर मागं घेतला. आत करड्या केसांचे नुसते खुंट होते.

"माझं दिलं गेल्या म्हैन्यात, तू पुण्याला असताना. ते तुझं लगीन ठरू दे म्हणून."

विश्वजितनं शेजारच्या गुरुजींकडे पाहिलं.

"पदर घे आधी," तो म्हणाला. "विचारतो डॉक्टरास्नी. लगीन झाल्यावर वस्तरा चालंल का म्हणून."