नाकपुडी

सून : ते फडकं नका पिळत बसू, बाबा. आधी बोर्डाचं बटण बंद करा, पाणी पार तिथपर्यंत गेलंय.

सासरे : केलंय बंद. पण एवढं पाणी आलं कुठून? कालच तर माशांच्या टाकीखाली दुसरी टाकी जोडून पाणी गाळायचा संप मोठा केला. सांधा न् सांधा कोरडा आहे, हात लावून बघ.

सून : वीज गेली, पंप थांबला, आणि माशांच्या टाकीतलं पाणी सगळं खाली उतरलं. संप भरून वाहिला.

सासरे : त्याच्या वेळी व्हायचं असं?

सून : कधीच नाही.

सासरे : म्हणजे मीच घोळ घातला. पोरगा जाऊन वर्ष नाही झालं, आणि त्याच्या माशांचं मी हे... उरलंय का काही वर?

सून : वीतभर. सगळे एका कोपऱ्यात गोळा झालेत. जिवंत आहेत. बाबा, वरच्या पाइपला काही केलंत का?

सासरे : केलं ना. काठाजवळ एक भोक होतं, सारखी पिचकारी उडायची. बुजवून टाकलं.

सून : नाकपुडी बुजवलीत?

सासरे : काय बुजवली?

सून : तो नाकपुडी म्हणायचा तिला. पंप थांबला की संपातून वर चढणारं पाणी त्याच पाइपातून उलटं खाली ओढलं जातं. जरा उतरलं, की त्या भोकातून हवा शिरते आणि ओढ तुटते. मुद्दाम पाडलं होतं ते.

सासरे : मुद्दाम! आणि मी बुजवताना मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या. म्हटलं, बापाचा जन्म नळ जोडण्यात गेला आणि ह्या गाढवाला साधी गळती दिसली नाही.

सून : तो असता तर पोट धरून हसला असता. म्हणायचा, जगात संप झाला की काम बंद, आपल्याकडे संप आहे म्हणून काम चालू.

सासरे : हं.

सून : रविवारी तो माणूस टाकीसकट मासे न्यायला येतोय. मग कशाला केलात हा खटाटोप?

सासरे : वाटलं, संप मोठा झाला की पाणी स्वच्छ राहील, तुझे कष्ट वाचतील, मग तू देणार नाहीस. टाकी गेली की त्या खोलीत उरलं काय? मला नाही सहन होणार ती शांतता.

सून : मला तो पंप सहन होत नाही, बाबा. रोज वाटतं, तोच आत खुडबुड करतोय.

सासरे : बरं. नेऊ दे. पण देताना धड देऊ. कशाने पाडलं होतं भोक?

सून : माझ्या विणायच्या सुईने, गॅसवर तापवून. टोक काळं केलं म्हणून केवढी भांडले होते मी!

सासरे : आहे ती सुई?

सून : आहे. थांबा, तापवून आणते.

(टाकी पुन्हा भरली आहे. पंप चालू आहे.)

सासरे : उडाली पिचकारी. आता बटण बंद करतो. पाण्यावर लक्ष ठेव.

सून : उतरतंय... उतरतंय... हां! ऐकलंत?

सासरे : फुर्र झालं काहीतरी.

सून : श्वास घेतला तिने. बघा, थांबलं पाणी. हा आवाज आला की तो म्हणायचा, चला, ही घोरायला लागली, आता आपणही झोपू.

सासरे : त्या माणसाला तेवढं सांग हो. भोक बुजवू नको म्हणावं.

सून : तो नाही येणार. मी येऊ नको म्हणून कळवते त्याला.

सासरे : नक्की?

सून : बाबा, चालू करून पुन्हा एकदा बंद करा ना.